औषध देण्याआधी नर्स नेमकं काय काय तपासते? गोळीपासून सलाईनपर्यंत सगळं समजून घ्या

डिसेंबर २०१७. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातलं नॅशव्हिल शहर, आणि तिथलं व्हँडरबिल्ट युनिव्हर्सिटी मेडिकल सेंटर. मेंदूत रक्तस्राव झाला म्हणून दाखल केलेल्या ७५ वर्षांच्या एक बाई बऱ्या होत चालल्या होत्या. त्यांना स्कॅनसाठी नेलं. त्या मशीनमध्ये जायची त्यांना भीती वाटत होती, म्हणून डॉक्टरांनी मन शांत करणारं व्हर्सेड नावाचं औषध द्यायला सांगितलं.

औषध आणायला गेली रॅडोंडा वॉट नावाची नर्स. तिथे औषधांचं कपाट संगणकाला जोडलेलं असतं. नाव टाकलं की ठरलेला कप्पा उघडतो. पेशंटच्या यादीत व्हर्सेड दिसेना, म्हणून तिने नेहमीची तपासणी ओलांडणारा पर्याय निवडला आणि इंग्रजी नावातली पहिली दोनच अक्षरं टाइप केली, व्ही आणि ई. व्हर्सेड हे ब्रँडचं नाव. कपाट मात्र औषधाच्या मूळ नावाने शोधत होतं, आणि व्हर्सेडचं मूळ नाव आहे मिडाझोलॅम. स्क्रीनवर आलं व्हेक्युरोनियम.

व्हेक्युरोनियम ऑपरेशनच्या वेळी स्नायू पूर्ण सैल करण्यासाठी देतात. श्वास घेणारे स्नायूही त्यात आले, त्यामुळे हे औषध दिलेला पेशंट व्हेंटिलेटरवरच असावा लागतो. या बाई व्हेंटिलेटरवर नव्हत्या. दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. वॉटने आपल्या हातून काय झालं ते लगेच सांगितलं होतं. तरी पुढे तिचं लायसन्स गेलं, खटला उभा राहिला, मार्च २०२२ मध्ये ज्यूरीने तिला दोषी ठरवलं आणि मे महिन्यात तिला ३ वर्षांचं प्रोबेशन मिळालं. जगभरातल्या नर्सेस या निकालावर चिडल्या. प्रामाणिकपणे चूक सांगणाऱ्यालाच कोर्टात उभं केलं तर पुढची नर्स चूक सांगेल कशाला, असं त्यांचं म्हणणं होतं. ते खोटं नाही.

पण नर्सिंगच्या वर्गात हे प्रकरण शिकवतात ते वेगळ्या कारणाने. चूक पकडता येईल अशा जागा वाटेत बऱ्याच होत्या. व्हर्सेड हे पातळ औषध, व्हेक्युरोनियमची पावडर. ती पाण्यात मिसळावी लागते, आणि ती मिसळलीही गेली. बाटलीच्या टोपणावर हे स्नायू लुळे करणारं औषध आहे असा इशारा छापलेला होता. औषध दिल्यावर पेशंटजवळ थांबून कोणी पाहिलं नाही. यातल्या एका जागी कोणी क्षणभर थबकलं असतं तरी पुरे होतं.

जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंगला गेलेल्या मुला-मुलींना या जागा ओळखायला शिकवतात. आणि आपण ज्याला नुसतं ‘सिस्टर येऊन गोळी देऊन गेल्या’ म्हणतो, त्यामागे काय असतं ते पेशंटच्या नातेवाईकांनाही माहीत असलेलं बरं.

गोळी गिळल्यावर पुढे काय?

औषधशास्त्राचं पुस्तक जाडजूड असतं, पण त्यातला पाया दोन प्रश्नांत मावतो. शरीर औषधाचं काय करतं? आणि औषध शरीराचं काय करतं?

पहिल्या प्रश्नाचे चार टप्पे आहेत. औषध रक्तात शोषलं जातं, रक्ताबरोबर सगळीकडे पोचतं, यकृतात त्याची मोडतोड होते आणि मुख्यतः किडनीतून ते बाहेर पडतं. वॉर्डातले बरेचसे नियम या चार टप्प्यांतून निघतात.

पोटात घेतलेली गोळी आतड्यातून शोषली गेली की रक्त आधी यकृतात जातं. काही औषधांचा मोठा भाग तिथेच मोडतो आणि उरलेलाच पुढे जातो. छातीत दुखायला लागल्यावर सॉर्बिट्रेटची गोळी जिभेखाली ठेवायला सांगतात ती यासाठीच. जिभेखालच्या बारीक रक्तवाहिन्यांतून औषध थेट रक्तात जातं, यकृताचा फेरा चुकतो आणि काम लवकर होतं. घाबरून ती गोळी पाण्याबरोबर गिळली तर मुद्दाच गेला. इन्शुलिनची गोळी का नसते, याचं उत्तरही याच वाटेवर आहे. इन्शुलिन हे प्रथिन आहे. पोटात गेलं की वरणातल्या प्रथिनासारखं तेही पचून जातं.

मोडतोड यकृतात आणि निचरा किडनीत, म्हणून या दोन अवयवांचे रिपोर्ट औषधाशी जोडलेले असतात. अमिकॅसिन किंवा जेंटामायसिनचं इंजेक्शन चालू असेल तर क्रिएटिनिन किती आहे ते आधी पाहतात. किडनी थकलेली असेल तर कालचा डोस अजून शरीरात असतो आणि त्यावर आजचा पडतो. वय झालेल्या माणसात नेहमीचा डोसही जास्त होऊ शकतो तो यामुळेच.

यात एक शब्द पक्का करण्यासारखा आहे, अर्धायुष्य. रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ. पॅरासिटामॉलचं अर्धायुष्य साधारण २ ते ३ तास, म्हणून ताप असेल तर ४ ते ६ तासांनी पुन्हा देता येतं. हृदयासाठीच्या डिगॉक्सिनचं मात्र जवळजवळ दीड दिवस. एखादं औषध रोज चालू केलं की ४ ते ५ अर्धायुष्यं गेल्यावर त्याची रक्तातली पातळी स्थिर होते. म्हणजे डिगॉक्सिनला आठवडाभर लागतो, आणि जास्त झालं तर उतरायलाही तितकाच. डिगॉक्सिन देण्याआधी पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे आणि मोठ्या माणसात ६० च्या खाली असतील तर डोस थांबवून डॉक्टरांना विचारायचं, हा नियम नर्सिंगच्या पहिल्या वर्षापासून घोकून घेतात. उपयोगी डोस आणि घातक डोस यांच्यात अंतर फार कमी असलेली औषधं थोडीच आहेत. डिगॉक्सिन, लिथियम, फेनिटॉइन, वॉरफॅरिन ही त्यातली नेहमी भेटणारी.

दुसरा प्रश्न, औषध शरीराचं काय करतं. बहुतेक औषधं पेशींवरच्या ठरावीक जागांवर जाऊन बसतात आणि तिथलं काम वाढवतात किंवा अडवतात. अडचण अशी की तशाच जागा शरीरात दुसरीकडेही असतात. प्रोप्रॅनोलॉल हृदयाचे ठोके कमी करतं, पण श्वासनलिकेवरच्या तशाच जागाही अडवतं. म्हणून दमा असलेल्या माणसाला ते दिलं तर श्वास अडकू शकतो. केसपेपरवर ‘दमा आहे’ हे दोन शब्द नसतील तर ते कोणाला कळणार? पेशंट दाखल होताना सिस्टर तेच तेच प्रश्न विचारतात म्हणून वैतागणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

‘तुम्ही पाटील ना?’ असं कधीच विचारायचं नाही

औषध देताना पाच गोष्टी बरोबर हव्यात, असं पूर्वीपासून शिकवतात. बरोबर पेशंट, बरोबर औषध, बरोबर डोस, बरोबर मार्ग, बरोबर वेळ. पुढे यात नोंदीची भर पडली. काही पुस्तकांत ही यादी सात, आठ, दहापर्यंत जाते. परीक्षेला आकडा महत्त्वाचा असतो. वॉर्डात मात्र यातल्या एकेका शब्दाच्या मागे काय दडलंय ते कळणं जास्त गरजेचं.

पेशंटचंच बघा. महाराष्ट्रातल्या कुठल्याही मोठ्या वॉर्डात एकाच वेळी दोन पाटील, दोन जाधव, तीन शिंदे असणं यात नवल नाही. सिस्टरने लांबून ‘पाटील आजोबा?’ म्हटलं तर कमी ऐकू येणारे, ग्लानीत असलेले किंवा नुसतेच सभ्य आजोबा ‘हो’ म्हणतात. भलतेच पाटील असले तरी. म्हणून विचारायचं असं, ‘आजोबा, तुमचं पूर्ण नाव सांगा.’ नाव त्यांच्या तोंडून यायला हवं. मग ते हातातल्या पट्ट्याशी आणि केसपेपरवरच्या नंबराशी ताडून बघायचं. कॉट नंबरवर भरवसा ठेवायचा नाही, कारण पंख्याखाली वारा येतो म्हणून पेशंट शेजारच्या रिकाम्या कॉटवर जाऊन झोपतात.

औषधाचं लेबल तीनदा वाचायचं. कपाटातून काढताना एकदा, भरताना एकदा, पेशंटजवळ देण्याआधी एकदा. ऐकायला कंटाळवाणं वाटतं, पण नावांचा घोळ किती सहज होतो ते पाहा. डोपामिन आणि डोब्युटामिन. विनक्रिस्टिन आणि विनब्लास्टिन. प्रेडनिसोन आणि प्रेडनिसोलोन. शेजारीशेजारी ठेवलेली, सारख्याच पुठ्ठ्याच्या खोक्यांत. अशी जोडनावाची औषधं कपाटात लांब लांब ठेवायची आणि नावातला वेगळा भाग ठळक अक्षरात लिहायचा, हा त्यावरचा साधा उपाय आहे.

वेळेबद्दल एक बारीक फरक घरच्यांनाही उपयोगी पडेल. चिठ्ठीवर टीडीएस लिहिलं असेल तर दिवसातून तीनदा, आणि आपण ते सकाळ-दुपार-रात्र असं घेतो. पण अँटिबायोटिक ‘दर ८ तासांनी’ लिहिलं असेल तर सकाळी ६, दुपारी २ आणि रात्री १० असं चालतं. पहिल्या पद्धतीत रात्रभराची मोठी फट पडते आणि तेवढ्या वेळात रक्तातलं औषध खाली येतं.

ही लॅटिनमधून आलेली आद्याक्षरंही जपून वाचावी लागतात. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, पण डोळ्यांच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तेच ओडी म्हणजे उजवा डोळा. आकड्यांचं तर विचारूच नका. ५.० मधला बिंदू पुसट आला की ५० वाचलं जातं. .५ लिहिलं आणि बिंदू दिसला नाही की ५. म्हणून पूर्णांकापुढे शून्य लिहायचं नाही आणि अपूर्णांकाआधी शून्य विसरायचं नाही. ५ आणि ०.५ असंच. युनिटसाठी इंग्रजी यू हे एकच अक्षर लिहिलं तर घाईत ते शून्यासारखं दिसतं आणि १० युनिटचे १०० होतात. शब्द पूर्ण लिहायला दोन सेकंद जास्त लागतात, लागू द्यावेत.

एक उदाहरण मात्र प्रत्येकाने लक्षात ठेवावं, कारण ते घरी घडतं. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट देतात ते आठवड्यातून एकदा. गोळी दिसायला साधी, छोटी. घरी गेल्यावर ती रोजच्या डब्यात पडली आणि रोज घेतली गेली तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी कमी होतात, जीवही जाऊ शकतो. पेशंटला घरी सोडताना ‘आठवड्यातून एकदा’ एवढं सांगून भागत नाही. वार ठरवून, तोच वार पेशंटकडून वदवून घ्यावा लागतो. ‘आजी, ही गोळी कुठल्या वारी घ्यायची?’ ‘सोमवारी.’ ‘मंगळवारी घ्यायची?’ ‘नाही गं बाई.’ इथपर्यंत आलं म्हणजे झालं.

डोसाचं गणित

सूत्र एकच आहे. हवं तेवढं औषध भागिले हातात असलेलं औषध, गुणिले ते किती मिलीमध्ये आहे. १ ग्रॅम सेफ्ट्रिॲक्सोनच्या पावडरमध्ये १० मिली पाणी घातलं आणि द्यायचे आहेत ७५० मिलिग्रॅम, तर ७५० भागिले १००० गुणिले १०, म्हणजे साडेसात मिली. गणित चौथीचं आहे. चुका होतात त्या बाटलीवरचा आकडा नीट न वाचल्याने.

लहान मुलांच्या तापाच्या औषधात हे सगळ्यात जास्त दिसतं. पॅरासिटामॉल मुलांना एका वेळी वजनाच्या दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम देतात. १० किलोच्या बाळाला म्हणजे १०० ते १५० मिलिग्रॅम. आता मेडिकलच्या दुकानात एका सिरपमध्ये ५ मिलीला १२० मिलिग्रॅम असतात, दुसऱ्यात ५ मिलीला २५०, आणि तान्ह्या बाळांच्या थेंबांच्या बाटलीत १ मिलीलाच १००. पहिल्या बाटलीतलं ५ मिली बाळाला बरोबर. दुसऱ्या बाटलीतलं तेवढंच औषध दुप्पट. आणि थेंबांच्या बाटलीतलं ५ मिली म्हणजे ५०० मिलिग्रॅम, बाळाच्या एका डोसाच्या तिप्पट-चौपट. ‘एक चमचा दे’ हे वाक्य त्यामुळेच धोक्याचं. थेंबांची बाटली छोटी म्हणून औषध सौम्य, असा समज घरोघरी आहे आणि तो नेमका उलटा आहे. मोठ्या माणसातही २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर पॅरासिटामॉल जाऊ द्यायचं नाही, आणि सर्दीच्या मिश्र गोळीतही पॅरासिटामॉल असतं हे विसरायचं नाही. जास्त झाल्यावर पहिला दिवस काही विशेष जाणवत नाही. यकृताचं नुकसान नंतर दिसतं. एन-ॲसिटिलसिस्टीन हा त्यावरचा उतारा आहे, पण तो लवकर मिळाला तरच त्याचा पूर्ण उपयोग.

सलाईनचं गणित वेगळं. सेटच्या पाकिटावर १ मिलीला किती थेंब ते छापलेलं असतं. साध्या सेटला बहुधा २०, मायक्रो सेटला ६०. ५०० मिली ८ तासांत द्यायचं असेल तर ५०० गुणिले २०, भागिले ४८० मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण २१ थेंब. मायक्रो सेटची गंमत अशी की तासाला जितके मिली, मिनिटाला तितकेच थेंब, भागाकारच नको. एक विनंती नातेवाईकांना. सलाईन हळू चाललंय असं वाटलं तरी त्याचं चाक आपण फिरवायचं नाही. कोणाला तरी लवकर घरी जायचं असतं, आणि हृदय किंवा किडनी कमकुवत असलेल्या माणसाच्या फुप्फुसात पाणी साचतं.

लाल टोपण, केशरी टोपण

इन्शुलिनवर जरा जास्त थांबायला हवं, कारण भारतात हा घोळ खास आपला आहे.

आपल्याकडे इन्शुलिन दोन ताकदींत मिळतं. १ मिलीमध्ये ४० युनिट आणि १ मिलीमध्ये १०० युनिट. बऱ्याच बाटल्या ४० च्या असतात, पेन आणि काही बाटल्या १०० च्या. सिरिंजही दोन प्रकारच्या. ४० च्या सिरिंजला लाल टोपण, १०० च्या सिरिंजला केशरी. संध्याकाळच्या अंधुक उजेडात लाल आणि केशरी यांत किती फरक दिसतो ते तुम्हीच बघा.

आता गणित. डॉक्टरांनी २० युनिट लिहिले. ४० च्या लाल सिरिंजवर २० च्या खुणेपर्यंत म्हणजे अर्धा मिली. बाटली ४० ची असेल तर बरोबर २० युनिट गेले. पण बाटली १०० ची असेल तर त्याच अर्ध्या मिलीत ५० युनिट आहेत. अडीचपट. साखर झपाट्याने खाली जाते, घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस बडबडायला लागतो, मग शुद्ध हरपते. उलटंही होतं. ४० ची बाटली आणि १०० ची केशरी सिरिंज, तर २० च्या खुणेला फक्त ०.२ मिली, म्हणजे ८ युनिट. साखर उतरतच नाही, डॉक्टर डोस वाढवतात, आणि कधीतरी कोणी बरोबर सिरिंज आणून देतं तेव्हा तो वाढवलेला डोस पूर्ण अंगात जातो. ही दुसरी चूक जास्त फसवी, कारण ती दिवसेंदिवस कोणाच्या लक्षात येत नाही.

म्हणून बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच आहे ना, हे दर वेळी बघायचं. इन्शुलिन साध्या २ मिलीच्या सिरिंजने भरायचं नाही, आणि पेनच्या कार्ट्रिजमधून सिरिंजने ओढायचं नाही. बऱ्याच हॉस्पिटलांत इन्शुलिन भरल्यावर दुसऱ्या सिस्टरला दाखवायचा नियम आहे. मुलींना सुरुवातीला त्यात कमीपणा वाटतो. तसं काही नाही. आपण भरलेली सिरिंज आपल्याला बरोबरच दिसते, चूक बघायला दुसरा डोळा लागतो.

साधं आणि गढूळ इन्शुलिन एकाच सिरिंजमध्ये घ्यायचं असेल तर आधी साधं, मग गढूळ. गढूळ बाटली जोरात हलवायची नाही, तळहातांत हळू फिरवायची. ग्लार्जिन कशातच मिसळायचं नाही. आणि साधं इन्शुलिन जेवणाच्या साधारण अर्धा तास आधी देतात, तेव्हा जेवणाची गाडी वॉर्डात आली आहे का ते आधी बघावं. इन्शुलिन वेळेवर गेलं आणि जेवण तासभर उशिरा आलं, यात पेशंटची साखर पडते. साखर ७० च्या खाली गेली आणि माणूस शुद्धीवर असेल तर तीन छोटे चमचे ग्लुकोज पावडर पाण्यात घालून पाजायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायची. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही.

दुसरी संधी न देणारी औषधं

बहुतेक औषधांची चूक शरीर सांभाळून घेतं. काहींची घेत नाही. त्यांना हाय अलर्ट औषधं म्हणतात आणि ती वेगळ्या कपाटात, कुलपात किंवा लाल स्टिकर लावून ठेवतात.

यात पोटॅशियम क्लोराइड पहिलं. वॉर्डात त्याला केसीएल म्हणतात. १० मिलीच्या एका अ‍ॅम्प्युलमध्ये दीड ग्रॅम, म्हणजे २० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असतं. हे न मिसळता सरळ शिरेत गेलं तर हृदय थांबतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये अशा घट्ट क्षारद्रावणांसाठी वेगळ्या सूचना दिल्या, त्यात ती शक्यतो वॉर्डाच्या साध्या कपाटात ठेवूच नयेत हा मुद्दा मुख्य होता. केसीएल नेहमी सलाईनमध्ये मिसळून, मॉनिटर नसेल तर तासाला साधारण १० मिलिइक्विव्हॅलंटच्या आतच देतात. एक गोष्ट मात्र प्रत्यक्ष काम करतानाच समजते. लटकवलेल्या बाटलीत खालून केसीएल सोडलं तर ते जड असल्याने तळाशीच बसतं, आणि पहिल्या काही मिनिटांत पेशंटला जवळजवळ न मिसळलेलं पोटॅशियम जातं. बाटली खाली काढायची, केसीएल घालायचं, सात-आठ वेळा उलटी-सुलटी करायची, लेबल लावायचं, मग लटकवायची.

हेपॅरिनची गोष्ट अमेरिकेत गाजली. २००६ मध्ये इंडियानापोलिसमधल्या एका हॉस्पिटलात सहा तान्ह्या बाळांना चुकून मोठ्या माणसांच्या ताकदीचं हेपॅरिन गेलं, त्यातली तीन दगावली. पुढच्याच वर्षी लॉस एंजेलिसमध्ये अभिनेता डेनिस क्वेडच्या जुळ्या बाळांच्या बाबतीत तेच झालं. १० युनिटच्या जागी १०,००० युनिटचं औषध, म्हणजे हजारपट. ती बाळं वाचली. दोन्ही ताकदींच्या बाटल्या दिसायला जवळजवळ सारख्या होत्या. आपल्याकडेही हेपॅरिनच्या ५ मिलीच्या बाटल्या १ मिलीला १००० आणि १ मिलीला ५००० अशा दोन्ही ताकदींत येतात.

विनक्रिस्टिन हे कॅन्सरचं औषध फक्त शिरेतून देतात. मणक्यातून गेलं तर जवळजवळ नेहमीच मृत्यू. म्हणून ते सिरिंजमध्ये न भरता सलाईनच्या छोट्या पिशवीत द्यावं असं सुचवतात, म्हणजे ते मणक्याच्या सुईला जोडायचं कोणाच्या मनातच येणार नाही. मला हा उपाय फार शहाणपणाचा वाटतो. माणसाला ‘लक्ष ठेव’ सांगण्यापेक्षा चूक करणंच अवघड करून ठेवायचं.

सुई कुठे, गोळी कशी

कातडीच्या आत द्यायची सुई १० ते १५ अंशांत, जशी बीसीजी. चरबीत ४५ ते ९० अंशांत, जसं इन्शुलिन. स्नायूत सरळ ९० अंशांत. लहान बाळांना लस मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या भागात देतात, कमरेत नाही, कारण कमरेखालून पायाला जाणारी सायटिक नस सुईने दुखावली तर पाय अधू होऊ शकतो. दंडात १ मिलीपेक्षा जास्त औषध घालू नये. एवढं पुरे, बाकीचं हातावर बसतं.

गोळ्यांबद्दल मात्र सांगायला हवं, कारण ही चूक नाकात नळी असलेल्या पेशंटच्या बाबतीत रोज होते. नळीतून गोळी देताना ती कुटून पाण्यात कालवतात. पण स्ट्रिपवर नावापुढे एसआर, एक्सआर, ईआर किंवा एक्सएल असं काही असेल तर ती गोळी दिवसभर हळूहळू सुटण्यासाठी बनवलेली असते. कुटली की दिवसाचं औषध एका दमात जातं. पँटोप्रॅझोलसारख्या गोळीला आम्लात न विरघळणारं आवरण असतं. ती कुटली तर औषध पोटातच नासतं. अशा वेळी कुटायचं नाही. डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला विचारून पातळ किंवा साध्या गोळीचा पर्याय घ्यायचा.

दिल्यानंतर

दिलं की लगेच लिहायचं, आधी नाही. आधी लिहून ठेवलं आणि पेशंटने उलटी केली, किंवा तो एक्सरेला गेलेला असला, तर चार्टवर डोस गेला आणि पोटात नाही. पेशंटने गोळी नाकारली तर ‘घेतली नाही’ असं कारणासह लिहायचं. उशाखाली गोळ्या साठवणारे आजोबा प्रत्येक वॉर्डात एखादे असतातच, म्हणून गिळेपर्यंत उभं राहायचं. फोनवरून डॉक्टरांनी डोस सांगितला तर लिहून घ्यायचा आणि वाचून दाखवायचा. इंग्रजीत फिफ्टीन आणि फिफ्टी फोनवर सारखेच ऐकू येतात, तेव्हा ‘एक-पाच’ की ‘पाच-शून्य’ असं आकडे सुटे करून विचारायचं.

इंजेक्शननंतरची पहिली काही मिनिटं महत्त्वाची. अंगावर गांधी, खाज, आवाज बसणं, धाप, रक्तदाब उतरणं ही तीव्र ॲलर्जीची लक्षणं. औषध तिथेच थांबवायचं आणि मदतीला हाक मारायची. पहिलं औषध ॲड्रेनॅलिन. मोठ्या माणसाला ०.५ मिलिग्रॅम, म्हणजे १ मिलीच्या अ‍ॅम्प्युलमधलं अर्धा मिली, मांडीच्या बाहेरच्या भागात स्नायूत. ॲव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोन त्यानंतर. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी आधी ॲव्हिलकडे हात जातो, आणि त्यात वेळ जातो.

औषधाने काही त्रास झाला तर तो कळवण्यासाठी भारतात २०१० पासून राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. त्याचं मुख्य केंद्र गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे. डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट आणि स्वतः पेशंटसुद्धा १८००-१८०-३०२४ या टोल फ्री नंबरवर कळवू शकतात. त्रास त्याच औषधाने झाला हे आधी सिद्ध करावं लागत नाही, नुसती शंकाही चालते. फोन करताना स्ट्रिप किंवा बाटली हाताशी ठेवावी, म्हणजे औषधाचं नाव आणि बॅच नंबर सांगता येतो.